पेंडीचा सूड

घाण्यावर तिळाच्या ताज्या पेंडीचा वास आला की मला मोहन्याचा डोह आठवतो. आश्विनात उल्हास नदीचं पाणी निवळतं आणि थंडीआधी मासा अधाशासारखा खातो. नवरात्रात आमच्या घरी मासा शिजत नसे, म्हणून ते नऊ दिवस मी गळ न टाकता नुसती मूठमूठ पेंड टाकून त्या डोहात माशांना सवय लावली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो शेजारचा कारकून तिथे बसलेला, आणि माझ्या पेंडीवर पोसलेले मासे त्याच्या टोपलीत! वर आळीभर सांगत सुटला, "ह्यांना कुठला मासा धरता येतोय!" मी वर्षभर गप्प राहिलो. पुढच्या आश्विनात तो मामलेदारांना घेऊन त्याच डोहावर येणार, असं कळलं. त्या दिवशी उजाडायच्या आत मी दोन टोपल्या पेंड डोहात ओतली. ऊन चटकू लागलं तरी नितळ पाण्यात तट्ट फुगलेले मासे गळापाशी येत, हुंगत आणि सावकाश वळून जात. शेवटी मामलेदार घाम पुसत उठले. "मासे नुसते दाखवायला आणलंत होय आम्हाला?" कारकुनाची मान वर होईना. आता तो बिचारा हयात नाही. मी मात्र घाण्यापाशी अजून मुद्दाम थांबतो, आणि त्या वासानेच माझं पोट भरतं.