पाठीवर घंटी बांधलेला गृहस्थ

मी चोपड्याचा जीपवाला. सातपुड्यात पाहुणे नेतो आणि पुढं जंगलात वाटही मीच दाखवतो. शहाणे पुष्कळ पाहिले, पण गेल्या चैत्रात आलेला तो जळगावचा गृहस्थ सगळ्यांच्या वरचा निघाला.

बायकोबरोबर दोन दिवस डोंगर चढायला आला होता. पाठीवरच्या सॅकला त्यानं पितळी घंटी बांधलेली. आवाजानं अस्वल लांब राहतं, हे त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. दर दहा पावलांनी खांदा उडवून ती वाजवायचा आणि मागं वळून बायकोला म्हणायचा, "मी आहे ना, घाबरू नकोस." ती बिचारी घाबरलेली नव्हतीच, कंटाळली होती.

वाटेत मोहाच्या फुलांचा सडा पडला होता. यानं पिशवीभर वेचून सॅकमध्ये कोंबली. मी म्हटलं, "साहेब, नका घेऊ. अस्वल याच फुलांसाठी इकडं येतं."

"अहो, घंटी आहे ना!" तो हसला.

पुढं मोह वेचणारी एक म्हातारी अक्का भेटली. तिनं घंटी ऐकली, सॅकमधून येणारा वास घेतला आणि विचारलं, "काय रे भाऊ, घंटी वाजाडीसन अस्वलले जेवाले बलाई राह्यना का? कालदिन सकायले आठेच व्हतं ते."

काल सकाळी अस्वल इथंच होतं म्हटल्यावर गडी पांढराफटक पडला. मला वाटलं, आता फुलं फेकून देईल. त्यानं पिशवी सॅकमधून काढली, बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, "तू धर जरा."

घंटी मात्र स्वतःकडेच ठेवली.