मुलाखतीत सांगितलेला माणूस

सुगंधा बी.कॉम. झाली आणि त्याच वर्षी गिरण्यांचा संप सुरू झाला. तिच्या वडिलांचं, गुणाजी तावड्यांचं, काम सुटलं ते सुटलंच. भटवाडीतल्या त्यांच्या खोलीत मग सगळंच उलटं झालं. सुगंधा टायपिस्ट म्हणून नोकरीला लागली, आई जानकी एका खानावळीत चपात्या लाटू लागली, आणि गुणाजी नळावरचं पाणी भरू लागले, कुकर लावू लागले.

दोनेक वर्षांनी एका सरकारी महामंडळाची जाहिरात आली. पदवीधरांना व्यवस्थापनाचं प्रशिक्षण देऊन थेट अधिकारी करणार होते. सुगंधा सुटीच्या दिवशी पुस्तकं घेऊन बसली, की गुणाजी शेजारच्या नंदूला दम भरायचे, "रेडियो बारीक कर रे! पोरगी सायबीण होतली!"

औद्योगिक संबंध, म्हणजे मालक-कामगारांचं नातं, हा विषय काही तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी तिने वडिलांनाच विचारलं, "बाबा, गिरणी परत चालू झाली तेव्हा तुम्ही का नाही गेलात?"

"गेललंय मा गे," गुणाजी म्हणाले. "गेटार माझा नाव पुकारल्यानी. धोंडिरामाचा नाय. इतकी वर्सां तो माझ्या बाजूच्या साच्यार कापड इणीत उभो. तेका भायर ठेवन मी कसो आत जातलंय? फिरलंय मागे."

हे तिने कधी ऐकलं नव्हतं. एवढं मोठं काम या माणसाने केलं आणि घरात कुणाला सांगितलंही नाही.

लेखी परीक्षा ती पास झाली. मुलाखतीला समोर तीन साहेब होते. मधले म्हणाले, "तुम्ही बाईमाणूस. उद्या कामगार टेबलापाशी येऊन रडले तर विरघळाल."

"नाही सर."

"सगळे असंच म्हणतात. पुस्तकातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं काही सांगा."

नोकरी हातातून निसटतेय असं तिला वाटलं आणि ती बोलून गेली. "आमच्या वस्तीत एक गृहस्थ आहेत, सर. संपानंतर गिरणीने त्यांना परत बोलावलं होतं. पण बाजूच्या कामगाराला घेतलं नाही, म्हणून गेटवरून घरी निघून आले. बायकोमुलांचा विचार नाही केला."

"अस्सं! हीरो!" एक साहेब हसले. "अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल?"

"बेजबाबदार," सुगंधा म्हणाली. "माझ्या हाताखाली असता तर मी त्याला पुन्हा दारात उभा केला नसता."

तिघेही खूश दिसले. उठता उठता मधल्या साहेबांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"रिटायर झालेत."

तिची निवड झाली. गुणाजींनी इस्त्रीचा शर्ट घालून घरोघरी पेढे वाटले. "काय एकेक उत्तरां दिल्यान म्हणतास! सायब बघीत रवले!" ते सांगत होते आणि सुगंधा आतल्या मोरीपाशी तोंड धूत होती. कुणी अभिनंदन केलं की तिच्या कानशिलांना आग लागायची. जेवताना वडिलांनी ताटात वाढलेली माशाची तुकडी ती आईच्या ताटात सरकवत असे.

शेवटी एका रविवारी, आई बाहेर गेली असताना, तिने सांगून टाकलं. गुणाजी मोरीत मांदेली साफ करत बसले होते. सगळं ऐकेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही.

"माझा नाव घेतलंस?"

"नाही."

"मगे काय."

पुढची मांदेली उचलत ते म्हणाले, "बेजबाबदार म्हटलंस तर?"

"हो, बाबा." ती रडू लागली. "मी जाऊन सांगते त्यांना. नोकरी नको मला."

"खुळी काय तू? इतक्या शिकलंस ता कित्याक?" त्यांनी मासळीवर पाणी ओतलं. "आवशीक सांगा नको. तिका वाईट वाटात."

ते रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

प्रशिक्षणाला जाऊ लागल्यावर एकदा असल्फ्याच्या बाजारात तिला कुणीतरी हाक मारली. धोंडिराम भाजी विकायला बसले होते. "गुणाजीची ना गं तू? साहेब झालीस म्हणे! झकास!" त्यांनी कोथिंबिरीची जुडी तिच्या पिशवीत कोंबली. "तुझा बाप म्हणजे देवमाणूस. विचार त्याला कधीतरी."

"हो काका," एवढंच ती म्हणाली. त्यांच्याकडे मान वर करून बघणं तिला जमलं नाही. पुढे ती भाजी दुसरीकडून आणू लागली.

नोकरी तिने सोडली नाही. मुलुंडला तिला स्वतःची केबिन मिळाली. जानकी येऊन खुर्चीत बसून गेली, चाळीतल्या बायकाही येऊन गेल्या. गुणाजी कधी आले नाहीत. सुगंधाने पुष्कळदा विचारलं. ते दर वेळी हसून म्हणत, "तुझ्या हापिसात मी काय करतलंय गे?" मग तिचा डबा भरून हातात देत, आणि ती खाली बघून चपला घालत असे.