भाऊबिजेचा रकाना

आमच्या घरखर्चाच्या वहीत सुरुवातीला अकरा रकाने होते. पहिल्याच वर्षी त्यातले तीन मी खोडले. एक वर्तमानपत्राचा, एक फिरण्याचा आणि एक भाऊबिजेचा.

कारंज्यातल्या एका लहानशा खासगी शाळेत मी ग्रंथपाल आहे. नोकरी लागताना संस्थेला देणगी द्यावी लागली. अशा देणगीची पावती नसते. ते पैसे मी पतसंस्थेतून उचलले. पगार पूर्ण हातात यायला काही वर्षे गेली, हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून पूर्ण जात होता. पुस्तके सांभाळण्याच्या नोकरीसाठी मी कर्ज काढले होते आणि हे कुणाला सांगायची मला लाज वाटत असे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आणि बायको वही घेऊन बसायचो. ती म्हणायची, "काढा तुमची पोथी." मग दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटर व्हायचे. डाळ रात्री भिजत घातली की गॅस कमी जळतो, हे तिनेच शोधून काढले. भाजी बाजार उठायच्या वेळी आणायची. वर्तमानपत्र शाळेत वाचायला मिळायचे. या सगळ्यात कुठे तरी एक अभिमानही होता, हे मी नाकारत नाही. महिन्याअखेर बेरीज जुळली की मी पेन बंद करताना उगीच मोठा आवाज करायचो.

भाऊबिजेचे मात्र तसे नव्हते. माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे गाव जऊळक्याच्या फाट्यापासून आत, चालत अर्ध्या तासावर. भाऊबिजेला जायचे म्हणजे पातळ, मिठाई, भाचीच्या हातात काही तरी आणि दोघांचे बसभाडे. त्या महिन्याचा हप्ता चुकला असता. मी बायकोला म्हणालो, "कर्ज फिटलं की जाऊ." ती म्हणाली, "ताईले सांगून तरी द्या खरं." मी सांगितले नाही.

ताईचा फोन दरवर्षी धनत्रयोदशीला यायचा.

"येऊन राह्यला ना बापू?"

"नाही जमत ताई. शाळेत पुस्तकांची मोजणी लावली आहे."

"दिवाळीत? अन् दरसालीच मोजता का रे? कमी होतात का जास्त होतात?"

मी हसायचो. दिवाळीत शाळा बंद असतात, हे तिच्या तिसरीतल्या मुलीलाही ठाऊक होते. तिसऱ्या वर्षी ताई हळूच म्हणाली, "रिकाम्या हातानं येजो तू. ताटात सुपारी टाकजो. मले काय पायजे दुसरं?"

मला ते टोचले. रिकाम्या हाताचे तिला कळले होते, याचाच मला राग आला. त्या दिवशी मी फोन लवकर ठेवला.

त्याच सुमारास एकदा बोलता बोलता तिने सांगितले होते की ती दुसऱ्याच्या वावरात सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, जाते. सुकलेल्या शेंगांनी बोटे चिरतात, भाकरी थापताना मीठ झोंबते, असे म्हणाली. तिच्या घरी खाऊनपिऊन बरे होते. मी विचारले, "तू कशाला जातेस?"

"अशीच. हातखर्चाले."

मी पुढे विचारले नाही. मला तेव्हा हातखर्च हा शब्दच चैनीचा वाटायचा.

चौथ्या भाऊबिजेलाही मी गेलो नाही. पाचवीच्या आधी, दसऱ्याला आठ दिवस असताना, सकाळी भाऊजींचा फोन आला. ताईच्या छातीत दुखू लागले होते. वाशिमला पोचायच्या आतच ती गेली. त्यांचा आवाज कोरडा होता. फोन ठेवताना ते म्हणाले, "पातळ तेवढं घेऊन या."

आमच्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचे वस्त्र माहेरचे पडते. आईवडील नसले तर भाऊ आणतो. तोपर्यंत तिला उचलत नाहीत.

आमच्या लहान मुलाला शेजारी सोपवून आम्ही निघालो. मंगरूळपीरला गाडी बदलायची होती. स्टँडजवळ एक कापड दुकान नुकते उघडत होते. बायको फलाटावर थांबली, मी आत गेलो. दुकानदार गादीवरची चादर झटकत होता.

"या भाऊ. बोहनीचं गिऱ्हाईक. कोनासाठी दाखवू?"

"बहिणीसाठी."

"आतापासूनच भाऊबीज? हुशार हाये तुमी. मंग लय गर्दी होते."

मी म्हणालो, "हिरवं दाखवा."

त्याने दोन पातळे पसरली. एकाला जरीचा बारीक काठ होता. माझा हात आपोआप काठाखाली गेला आणि मी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. साडेनऊशे. दुसरे साडेसहाशेचे. जळणारच आहे, असे माझ्या मनात आले. ते मी टाळू शकलो नाही, आणि आज ते लिहिल्याशिवाय पुढचे लिहिण्यात अर्थ नाही. मी दुसरे पातळ उचलले.

"डब्बा देऊ?"

"नको. असंच द्या."

तो थबकला. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "मोठी होती का लहान?"

"मोठी."

त्याने सहाशेच घेतले. पन्नास त्याने सोडले आणि मी ते खिशात ठेवले.

अंगणात बायका बसल्या होत्या. आम्ही दिसताच एक म्हातारी म्हणाली, "आलं व माय, भावाचं पातळ आलं." कुणी तरी ते माझ्या हातातून घेतले. मला वाटले होते की लोक बोलतील, चार वर्षे कुठे होता म्हणतील. कुणी काही म्हणाले नाही. उलट सगळे माझ्याशी फार मायेने वागत होते आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता.

तो तिसऱ्या दिवशी लागला. राख सावडून आल्यावर ताईच्या सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"एक विचारू भाऊ? राग नोका धरू. दरसाली पातळ आनत होते, मंग घरापोतर काहून नाही आले कधी? फाट्यावरूनच वापस?"

त्या चार वर्षांत मी फाट्यावर उतरलोच नव्हतो.

"भाऊबिजेच्या दिवशी जायची ना ते फाट्यावर. भाऊ येऊन राह्यला म्हने, टाइम नाही त्याले, शाळेचं काम हाये. अन् पातळ घेऊन यायची. पुऱ्या गल्लीले दाखवायची. पसंत चांगली हाये तुमची."

चार पातळे. सोंगणीच्या मजुरीची. ती जऊळक्याच्या बाजारातून विकत घ्यायची, थोडा वेळ कुठे तरी काढायची आणि माझ्या नावाने घरी न्यायची.

त्या क्षणी बोलायला हवे होते. ओटीवर भाऊजी होते, भाची होती, दोन शेजारणी होत्या. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटले असावे. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

निघताना त्यांनी त्यातले एक पातळ "भावानं दिलेलं" म्हणत बायकोला आठवण म्हणून दिले. जांभळे, अगदी कोरे. घरी आल्यावर तिने ते उलगडले आणि माझ्याकडे पाहिले.

"कवा घेतलं होतं हे? मी इकडं पाव लिटर दुधात घर चालवून राह्यली, अन् तुमी मले न सांगता..."

मी तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ पातळाची घडी घालत होती. मग म्हणाली, "मंग तिथं काहून नाही सांगतलं?"



पुढच्या चैत्रात कर्ज फिटले. पतसंस्थेतून दाखला आणला, वहीत चिकटवला. आम्ही दूध पुन्हा अर्धा लिटर केले. त्या दिवाळीत मी भाचीसाठी कपडे घेऊन ताईच्या गावी गेलो, सांगायचे ठरवूनच गेलो. सासूबाईंनी शेजारणीला हाक मारली. "हा पाह्य, आमच्या सुनेचा भाऊ. एक साल चुकला नाही." शेजारीण म्हणाली, "असा भाऊ नशिबानं भेटते व माय." भाची चहा घेऊन आली. तिची बोटे थेट आईसारखी आहेत. मी चहा प्यायलो, बशी पालथी केली आणि शेवटच्या गाडीने परतलो.

ते जांभळे पातळ बायकोने एकदाही नेसलेले नाही. भाची आता कळती झाली आहे. कधी तरी हे तिच्या हाती पडेल म्हणून लिहून ठेवतो. तुझ्या आईची ती चारही पातळे मी आणली नव्हती. मी आणले ते एकच, हिरवे, आणि दुकानात त्याच्या शेजारी त्याहून चांगले एक होते.