इस्त्रीच्या टेबलावर फ्रेंच आणि आयरिश

माझ्या आत्याला सगळा बाजार कडकआत्या म्हणतो. तिचा स्वभाव पाहिला की ते कुणालाही पटेल, पण नाव पडलं ते खळीमुळे. तिच्या लाँड्रीतून आलेला शर्ट घातला की माणसाला मान वळवण्याआधी विचार करावा लागतो. माझं शिलाईचं दुकान तिच्या दुकानाला लागूनच आहे, मध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे तिचं सगळं आयुष्य मला फुकटात ऐकायला मिळतं. मी ऐकत नाहीये असा संशय आला तर ती आवाज वाढवते.

आत्याला दोन मुलं. मुलगा शिकायला म्हणून गेला आणि फ्रेंच बोलणारी बायको करून तिकडेच राहिला. मुलगी नोकरीला गेली ती समुद्राकाठच्या एका खेड्यात आयरिश बोलणाऱ्या बोटवाल्याच्या प्रेमात पडली. "आयरिश म्हणजे इंग्रजीच की," असं कुणी म्हणालं की आत्या इस्त्री हातात धरून त्याच्याकडे वळते. "इंग्रजी वेगळं, आयरिश वेगळं. तुमचा आणि शेजाऱ्याचा शर्ट एका दोरीवर वाळला म्हणून एक होतो का?" गिऱ्हाईक गुपचूप कपडे ठेवून निघून जातं.

हे ज्ञान तिला उगाच झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मुलगा आपल्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन आला होता. पोरीला फ्रेंचशिवाय बोलता येईना, आत्याला फ्रेंच कळेना. जवळ घेतलं की पोरगी भोकाड पसरे. निघायच्या दिवशी बापाने पुढे ढकललं तेव्हा तिने आजीचा हात हातात घेऊन दोनदा हलवला, बँकेतल्या साहेबासारखा. सगळ्यांसमोर आत्या हसली. मग माझ्या दुकानात आली आणि ढसाढसा रडली. "माझी नात गं ती, आणि मी तिला कुणीतरी परकी बाई," म्हणाली.

यंदा दोन्ही नातवंडं सुट्टीला येणार असं ठरलं. नात आता सहाची, मुलीचा मुलगा पाचचा, आणि तो घरात आयरिशच बोलणारा. आत्याने जाहीर करून टाकलं, "मी दोन्ही भाषा शिकणार."

"आत्या, तुला मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही," मी म्हटलं.

"कमी करायचाय कुणाला?"

फ्रेंचसाठी सून होती, आयरिशसाठी जावई, मध्ये अर्थ सांगायला मुलगा नाहीतर मुलगी, आणि वर्ग फोनवर भरे. सून गुणी आहे, पण चूक ऐकली की तिला राहवत नाही. 'फनेत्र' म्हणजे खिडकी. आत्याने तो शब्द म्हटला की सून दुरुस्त करी, पुन्हा म्हटला की पुन्हा दुरुस्त करी. शेवटी आत्या वैतागून म्हणाली, "अगं, उघडेल ना एवढ्याने?" जावयाचं नेमकं उलट. आत्याने घशातून कसलाही आवाज काढला की तो "उत्तम! उत्तम!" म्हणून टाळ्या पिटी. आपली भाषा साक्षात सासूबाई शिकतायत म्हटल्यावर त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

शेजारधर्म म्हणून दोन्ही भाषांची तुलना मला रोज ऐकावी लागे. आत्याच्या मते दोन्हीकडची माणसं लिहिताना अक्षरं सढळ हाताने वापरतात आणि बोलताना काटकसर करतात. फ्रेंच शब्दाचं शेपूट खातात, आयरिश त्याच्या पोटातलं खातात. भुकेचं प्रकरण तर तिला इतकं आवडलं की ते तिने पाव घ्यायला गेली तेव्हा बेकरीवालीलाही ऐकवलं. फ्रेंच माणसाजवळ भूक असते, खिशात रुमाल असावा तशी. आयरिश माणसाच्या अंगावर भूक असते. त्याची झोप, त्याचं दुःख, सगळं अंगावरच. "आणि आपल्याला भूक लागते. म्हणजे जावई आपल्यातलाच निघाला," असा तिचा निकाल.

आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना सुटे शब्दच नाहीत, हे कळलं त्या दिवशी तर तिने कहर केला. जेवलास का विचारलं तर 'जेवलो' किंवा 'जेवलो नाही' असं पुरतं सांगावं लागतं. "जावयाला नुसतं नाही म्हणताच येत नाही! पोरीने नशीब काढलं!" अशी दवंडी बाजारभर पिटून झाली. पुढच्याच आठवड्यात त्याच जावयावर ती रुसली, कारण त्याने बोलता बोलता तिला 'तू' म्हटलं. आयरिश 'तू' कानाला थेट आपल्या 'तू'सारखाच लागतो. मुलीने समजावलं की तिकडे एकट्या जिवाला तूच म्हणतात, मग तो न्यायाधीश असो नाहीतर मांजर. आत्याने ऐकून घेतलं, पण "फ्रेंचमध्ये बघ, तू वेगळं, तुम्ही वेगळं, रीतभात आहे लोकांना," असं बरेच दिवस सुनेच्या बाजूने बोलत राहिली.

पाठांतराची युक्ती मात्र तिची स्वतःची. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना ती नंबराची कापडी चिठ्ठी टाचते. ते नंबर तिने काढून टाकले आणि त्या जागी शब्द घातले, निळ्या शाईत फ्रेंच, हिरव्या शाईत आयरिश. दातांचे डॉक्टर झाले खिडकी. पोस्टमास्तर झाले बूट. बेकरीवाली झाली चमचा. कपड्यांची अदलाबदल एकदाही झाली नाही, कारण आत्या माणसाला त्याच्या कॉलरवरून ओळखते. तिने मोठीच अक्कल लढवली असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

मुलं आली. दोन्ही जोडप्यांना मिळून जरा हिंडून यायचं होतं, पण पोरांना मागे कसं ठेवायचं? "खुशाल जा," आत्या छाती काढून म्हणाली, "मला दोन्ही येतात." ते बिचारे विश्वास ठेवून गेले.

नातीने बाहेर बोट दाखवून काहीतरी घडाघडा सांगितलं. त्यातलं 'फनेत्र' तेवढं आत्याने पकडलं आणि ती आनंदाने ओरडली, "दातांचे डॉक्टर!" नातवाने आपल्या पायाकडे बघत 'ब्रोग' म्हटलं. "पोस्टमास्तर!" आत्या म्हणाली. शब्द पाठ झाले होते, पण गिऱ्हाइकांसकट. घाबरून तिने नातीला फ्रेंचमध्ये बसायला सांगितलं, तेही अहो-जाहो करून. पोरीने आपल्यामागे कुणी मोठं माणूस उभं आहे का ते वळून पाहिलं. मग दोन्ही पोरं दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसली. त्यांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं.

"झालं," आत्या फळीपाशी येऊन मला म्हणाली. "पुन्हा पाहुण्यासारखी जाणार." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या चाकाच्या टोपलीवरून भांडण पेटलं. एका टोकाला नात "आ म्वा!" म्हणून ओरडतेय, दुसऱ्या टोकाला नातू "ल्युमसा!" म्हणून. यातलं काहीही कुठल्याही चिठ्ठीवर नव्हतं. पण दोघांचे चेहरे बघून आत्याला दोन्ही एकदम कळलं, आणि अडलेला नळ सुटावा तशी ती बोलायला लागली. नातीचं फ्रेंच ऐकायचं, तोंडातल्या तोंडात "ती म्हणतेय टोपली माझी, आधी मी बसणार" असं पुटपुटायचं, मग त्याचं मोडकंतोडकं आयरिश करून नातवाला द्यायचं. नातवाचं उत्तर त्याच वाटेने परत. पोरांनी टोपली सोडली आणि तिच्याकडे पाहतच राहिली. दोघांचंही कळणारं माणूस अख्ख्या घरात हे एकच आहे, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

मग काय विचारता! दिवसभर एक या हाताला, एक त्या हाताला. "आजी!" म्हणून खेचायचं आणि निरोप सांगायचा. आत्या घामाघूम होऊन फ्रेंचचं मराठी आणि मराठीचं आयरिश करी. इस्त्र्या राहिल्या, गिऱ्हाइकं चुरगळलेल्या शर्टात हिंडू लागली, पण तिला फिकीर नव्हती. आपल्यावाचून या पोरांचं पान हलत नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

फळीपलीकडून मला मात्र वेगळंच ऐकू यायला लागलं. दोघांच्याही एकेका पालकाने पाळण्यात असल्यापासून त्यांच्याशी थोडंफार मराठी बोललेलं होतं. ते कानांवरून गेलेलं होतं, तोंडातून कधी निघालेलं नव्हतं. आता आत्याचं ते मधलं पुटपुटणं संपायच्या आतच समोरचं पोर उत्तर देऊ लागलं होतं. आयरिश किंवा फ्रेंचपर्यंत गाडी पोचतच नव्हती. आत्या आपल्या कामात इतकी रंगलेली की तिला पत्ताच नव्हता, आणि मीही सांगितलं नाही. असलं काही तिचं तिलाच कळावं असं मला वाटलं.

जोडपी परत आली तेव्हा आत्याला आपली दुभाषेगिरी दाखवायची घाई झाली होती. पोरं आत, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे बसून कुजबुजत होती. "थांबा हं, माझ्याशिवाय त्यांचं अडलं असेल," असं म्हणून ती ऐटीत चादर बाजूला करून आत गेली. आम्ही बाहेर उभे. ती लगेच बाहेर आली आणि स्टुलावर बसली.

"काय झालं, आई?" मुलाने घाबरून विचारलं.

"हाकललं मला."

"कुणी?"

"दोघांनी. ती म्हणाली, 'आजी, तू जा ना, आम्ही बोलतोय.' आणि हा म्हणतो, 'जा गं.'"

मुलगा आणि मुलगी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. "पण म्हणाली कोणत्या भाषेत?" मुलीने विचारलं.

आत्या हसत होती आणि ॲप्रनने डोळेही पुसत होती.

"आपल्या गं," ती म्हणाली. "आपल्या भाषेत हाकललं मला."