हरित शाळेची पश्चिमेची भिंत

हरित इमारत म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिरवा रंग कधी देणार? माझं निम्मं आयुष्य ह्या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेलं. आमच्या वाडीतल्या मारुतीच्या देवळात बैठक भरली, तेव्हा एका आजोबांनी तोच विचारला. पुण्यातल्या बिल्डरांपुढं मी गोड हसून समजावते, पण आपल्या माणसांवर मात्र भडकले. "अहो आजोबा, रंगाचं काही नाही त्यात! पांढरीच राहणार शाळा."

आजोबा शांतपणे म्हणाले, "मग हिरवी कशापाई म्हनायची?"

सगळं देऊळ हसलं. मलाही हसू आलं. माझा राग असाच आहे, येतो तसा जातो.

आमची वाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या सावलीत. मी त्याच शाळेत शिकले, मग भोरला, मग पुण्याला जाऊन इमारतींचं शिक्षण घेतलं. आता भोरला राहते आणि इमारतींना हरित मानांकन मिळवून देणं हे माझं काम. मानांकन म्हणजे काय, ते देवळात सांगितलं तसंच सांगते. ती इमारतीची परीक्षा असते. ऊन कुठून येतं, वारा कुठून वाहतो, हे बघून खिडक्या ठेवल्यात का? दिवसा दिवा न लावता पाटीवरचं अक्षर दिसतं का? छतावरचं पाणी साठवता की वाहू देता? दगड किती लांबून आणला? जुन्या इमारतीतलं काही वापरलं की सगळं उकिरड्यावर टाकलं? रंगाच्या वासानं डोकं चढतं का? असल्या एकेका गोष्टीला गुण असतात. गुण पुरेसे जमले की तपासायला माणूस येतो, सगळं बघतो, आणि पटलं तर दाराशी लावायला मानांकनाची पाटी मिळते.

एवढं सांगून मी थांबले, कारण बैठक ज्यासाठी भरली होती ते वेगळंच होतं. शाळा बंद होणार, अशी कुणकुण होती. माणसं कामासाठी खाली महामार्गाकडं उतरत होती, पोरं त्यांच्याबरोबर जात होती, पट घसरत होता. आसपासच्या दोन वाड्यांच्या शाळा तशाच मिटल्या होत्या आणि तिथली पोरं खालच्या मोठ्या शाळेत जात होती.

माझी भाची तेव्हा अंगणवाडीत होती, पुढच्या वर्षी पहिलीत जाणार. धाकटा भाऊ खाली महामार्गावर, कामथडीला टेम्पो चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. भावजय एकटीच भाताची खाचरं आणि गुरं बघते. शाळा गेली तर पोरीला भर पावसात ओढा ओलांडून खाली कोण नेणार आणि कोण आणणार? देवळातून बाहेर पडताना तिनं माझा हात धरला. "वन्सं, तेवढी शाळा ऱ्हाऊ द्या. शाळा ऱ्हायली तर पोरगी माज्याजवळ ऱ्हाईल."

जुनी इमारत गळत होती आणि नवी बांधायला एका कंपनीनं देणगी दिली होती. माझा हिशेब साधा होता. वेल्ह्याच्या डोंगरात हरित शाळा उभी राहिली, पेपरात फोटो आला, बघायला माणसं आली, की ती बंद करायची कुणाची हिंमत होणार नाही. मी वाडीला शब्द दिला. भावजयीला तर डोक्यावर हात ठेवून दिला.

मग काय, बांधकामाचं ते वर्ष मी त्या शाळेसाठीच जगले म्हणा ना. दगड शेजारच्या उतारावरचा. जुन्या इमारतीची कौलं आणि वासे निवडून पुन्हा वापरले. पायाची सुपीक माती बाजूला ढीग करून ठेवली आणि शेवटी परसात पसरली. आमच्याकडं पावसात बादली ठेवायची खोटी की भरलीच, आणि चैत्रात त्याच बादलीत घालायला पाणी नाही. म्हणून छताचं पाणी टाकीत घेतलं. विजेसाठी छतावर सौर पाट्या बसवल्या.

पण सगळ्यात जास्त विचार केला तो पश्चिमेच्या भिंतीचा. आमच्या डोंगरात पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. पश्चिमेची भिंत चार महिने सुकत नाही. म्हणून घरोघरी डोंगरातली कारवी आणून तिच्या ताट्या विणतात, त्यात पेंढा भरतात आणि पावसाच्या तोंडावर त्या भिंतीला बाहेरून बांधतात. पाऊस ताटीला लागतो, भिंत आत कोरडी राहते. स्वतःच्या घराचं झालं की एक दिवस सगळी वाडी शाळेच्या भिंतीला ताट्या बांधायची, माझ्या लहानपणापासून. मी नव्या भिंतीला त्यासाठी दगडातच कड्या बसवून घेतल्या.

तपासायला आलेले गृहस्थ सभ्य होते, पण कागदाला फार चिकट. वेल्ह्याच्या एसटी स्टँडपासून शाळा लांब, म्हणून गुण कापायला निघाले. मी उसळलेच. "साहेब, इथं सगळी पोरं पायी येतात. धूर सोडणारं एकही वाहन ह्या दाराशी येत नाही. अजून काय पाहिजे तुमच्या परीक्षेला?" त्यांनी चष्मा पुसला, विचार केला, आणि गुण दिले. मग ताट्यांपाशी येऊन विचारलं, "याची देखभाल कोण करतं? जबाबदार व्यक्ती कोण?"

भावजय तिथंच उभी होती. "ज्येंची पोरं साळंत हायती त्ये, आन ज्येंची न्हाईत त्येबी."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला फार अभिमान वाटला तिचा.

भाची पहिलीत बसली ती नव्या शाळेत. शाळेच्या बाईंनी नियम केला होता की शेवटी बाहेर पडेल त्यानं दिवे-पंख्यांची बटणं बंद करायची. भाचीनं ते काम स्वतःकडंच घेतलं. मुद्दाम मागं राहायची, चवड्यांवर उभी राहून एकेक बटण खाली करायची, आणि बाहेर येऊन सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायची, "समदे दिवे बंद केले!" दुसऱ्या कुणी बटणाला हात लावला की भांडायची. आत्याचाच स्वभाव उचललाय, असं भावजय म्हणायची.

पाटी आली. दाराशी बसवली. पेढे वाटले, फोटो निघाले, मोठ्या माणसांची भाषणं झाली. ही शाळा आदर्श आहे, असं जो तो म्हणाला. "आता हिला कोण हात लावतंय, बघतेच मी," असं मी आजोबांना म्हणाले. आजोबा म्हणाले, "पर रंग त्येवडा ऱ्हायला बग."

डोंबल माझं! त्याच वर्षी आणखी काही घरांना कुलपं लागली. पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. बाईंची बदली झाली आणि शाळा खालच्या शाळेत मिळवल्याचा कागद आला.

मी कचेऱ्या पालथ्या घातल्या. पाटीचा फोटो, पेपरातली कात्रणं, सगळं घेऊन फिरले. एका टेबलामागच्या साहेबांनी सगळं नीट बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, "ताई, इमारत फारच सुंदर आहे. पण इमारतीबद्दल आमची तक्रारच नाही. आत पोरं किती, एवढंच आम्हाला विचारतात."

दगड, माती, पाणी, ऊन, वारा, सगळ्यांचे गुण मी मिळवले होते. उद्या ह्या गावात पोरं उरतील का, हा प्रश्न माझ्या परीक्षेत कुठंच नव्हता. मी कात्रणं पिशवीत भरली आणि जिना उतरले.

छतावरच्या सौर पाट्या काढून खालच्या शाळेला नेल्या. पोरांना न्यायला जीप ठरली. म्हणजे जी पोरं चालत यायची ती आता डिझेल जाळत जाऊ लागली, आणि त्याचा दोष कुठल्याच इमारतीच्या खात्यावर पडला नाही. ती जीपही पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडं येईना. एके दिवशी पाणी चढलं आणि पोरं पलीकडं अडकली. पाणी उतरेपर्यंत भावजय ह्या काठावर उभी, पोरगी त्या काठावर. दोघी एकमेकींना नुसत्या हात करत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन भोरला माझ्या दारात आली. हातात कपड्यांची पिशवी. "वन्सं, हिला तुमच्याकडं ठिऊन घ्या. मला न्हाई सोसत आता." जेवलीसुद्धा नाही. तिला सोडायला आम्ही स्टँडवर गेलो. पोरगी रडली नाही. आई मात्र एसटीच्या खिडकीत पदर तोंडाला लावून रडत होती.

आमचं दोघा नवरा-बायकोचंच घर, मूलबाळ नाही. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं बाई, घर भरलं. मला असा संताप आला म्हणून सांगू! कुणाचं घर उपसून माझं भरलं, ते त्यांना काय ठाऊक? तरी खरं सांगते, संध्याकाळी ती माझ्या ताटातला घास उचलायची तेव्हा मला सुख व्हायचं. आणि त्या सुखाची लाज वाटायची.

वर्षभरानं त्याच तपासणाऱ्या साहेबांचा फोन आला. पाटी दिल्यावर इमारत खरंच वीज-पाणी वाचवते का, हे एकदा बघतात. आवाजात आनंद मावत नव्हता. "अभिनंदन! विजेचं बिल नाहीच म्हणा, पाण्याचा वापर शून्य. असे आकडे मी कुठल्याच इमारतीचे बघितले नाहीत. तुम्हाला वरचा दर्जा मिळेल. कसं जमवलंत?"

"आत माणूस नाही, साहेब," मी म्हणाले. "शाळा बंद झाली."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाले, "आम्ही दरमाणशी वापर काढतो. एकूण वापराला माणसांच्या आकड्यानं भागायचं असतं."

"मग भागा की."

"शून्यानं कसं भागणार, ताई?"

शून्यानं भागता येत नाही, हे मी त्याच शाळेत फळ्यासमोर उभी राहून शिकले होते. रागावून बोलावं म्हटलं तर त्या बिचाऱ्याचा काय दोष? ते म्हणाले, "तुमच्या त्या ताट्यांचं मी अजून सगळीकडं सांगतो." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. वरचा दर्जा मी घेतला नाही.

मे महिना सरत आला तेव्हा भाचीला आईकडं घेऊन गेले. जाऊन बघते तर भावजय शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीशी, सोबत आजोबा आणि उरलेल्या घरांमधली दोनचार माणसं. ताट्या बांधणं चाललेलं. माझं डोकंच फिरलं. "अगं वेडी का काय तू? कुणासाठी बांधताय? आत कोण आहे?"

तिनं दोरीची गाठ दातानं आवळली. "पावसाला काय ठावं, शाळा बंद हाय त्ये?"

"हिरवी शाळा हाय ना तुजी," आजोबा म्हणाले, "मग जपाय नगं?" ह्या वेळी कुणी हसलं नाही.

मी पदर खोचला आणि हात लावला. एका घरानं आणलेल्या, दुसऱ्या घरानं आणलेल्या, अशा ताट्या जोडत भिंत झाकत गेलो. पण कुलूप लागलेल्या घरांच्या ताट्या कोण आणणार? शेवटी टोकाची जागा उघडी राहिली. सगळे बघत उभे राहिले. भावजय घराकडं गेली, आणि डोक्यावर ताट्या घेऊन परत आली. जवळ आल्यावर ओळखल्या मी. तिच्या स्वतःच्या घराच्या भिंतीला बांधलेल्या सोडून आणल्या होत्या.

"आणि तुझं घर गं? भिंत भिजेल की."

"भिजू द्या. हितं मी एकलीच असती आता," ती म्हणाली. "कोरडा कोपरा बघून पडंन."

मला रडू फुटलं. तिथंच, सगळ्यांसमोर. ती मला रडू नका म्हणाली नाही. "वन्सं, दोरी वडून धरा," एवढंच म्हणाली. मी धरली. तिनं गाठ मारली.

तेवढ्यात आतून खटाखट आवाज आला. दार नुसतं लोटलेलं होतं, भाची कधी आत शिरली कुणाला कळलं नाही. त्या बटणांत वीज नव्हती, कधीची नव्हती. तिनं एकेक वर करून पुन्हा खाली केलं असणार. मग दारात येऊन, पहिल्यासारखीच, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, समदे दिवे बंद केले!"

भावजयीनं मान वर केली नाही. "शानी माजी बाय," म्हणाली, आणि पुढची दोरी मागितली.