नळ नसलेलं जहाज

सकाळपासून आभाळ नुसतं कुंथत होतं. धड पडतही नव्हतं आणि उघडतही नव्हतं. नऊला ती टेबलाशी बसली आणि साडेअकरापर्यंत कप्तानाला एक जिना उतरवला, एवढंच काय ते काम झालं. कप्तानही तिचा नव्हे, कंपनीचा. सिनेमे कंपनीचे, अंतराळजहाज कंपनीचं, ग्रह-तारेसुद्धा कंपनीचे. दोन सिनेमांच्या फटीत मावतील अशा कादंबऱ्या तेवढ्या हिनं लिहायच्या. कप्तानानं लग्न करायचं नाही, म्हातारं व्हायचं नाही, मरायचं तर नावच नको. अकरा पुस्तकांत हिचे केस पांढरे झाले. तो पस्तिशीचा तो पस्तिशीचाच.

त्या सगळ्या उसन्या संसारात तिचं स्वतःचं माणूस एकच. जहाजावरचा म्हातारा प्लंबर. त्याचं खोकणं, शिव्या घालणं, गुडघ्यावर हात टेकून उठणं, सगळं तिनं वडिलांचं उचललेलं. अण्णांनी चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्या मोकळ्या केल्या होत्या. नवं पुस्तक आलं की ते फक्त आपली पानं हुडकून वाचत आणि वर चुका काढत, "अगं, पाना उलटा धरलाय यानं. नटाचे आटे जातील ना!"

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा ताळमेळवाला. पुस्तकातलं काय सिनेमाशी जुळत नाही, ते शोधायची त्याची नोकरी.

"मॅडम, प्लंबर काढावा लागेल."

"का? काय घोडं मारलंय त्यानं?"

"नव्या सिनेमात पाणी हवेतनंच तयार होतं, थेट पेल्यात. जहाजात नळच नाहीत."

"अहो, सहा पुस्तकं तो नळच दुरुस्त करतोय!"

"हो ना, आमच्या नजरेतनं सुटलं. पुढच्या आवृत्तीत तिथनंही काढू."

"आणि अंघोळ कशानं करतात माणसं?"

"ते सिनेमात दाखवत नाहीत." मग दया आल्यासारखा म्हणाला, "इंजिनवाला करा ना त्याला. तरुण. खोकणं-बिकणं नको फक्त."

तरुण म्हणे! अण्णांच्या तोंडात भलत्याचीच जीभ.

"राहू दे. मीच काढते," ती म्हणाली आणि फोन आपटला.

प्लंबरची अडीच पानं. एका बोटाचं काम. कप्तान जिना उतरून सरळ यंत्रखोलीत पोचला. वाटेत त्याला कुणी भेटलं नाही.

अण्णा खिडकीशी नखं कापत बसले होते.

"अण्णा, नव्या पुस्तकात तुम्ही नाही."

"मारलं का मला?"

"नाही. तुम्ही कधी नव्हताच म्हणे. जहाजात नळच नाहीत."

अण्णांनी नेलकटर खाली ठेवलं. "सहा पुस्तकं राबलो की गं मी तिथं."

तिनं त्यांच्या पायाशी पडलेली नखं गोळा केली.

"बरं, आणि सांडपाणी? ते कुठं जातं?"

"नसतंच म्हणतात."

"गाढवं आहेत," अण्णा म्हणाले. त्यांनी खच्चून शिवी घालावी, हिलाही दोन शब्द सुनवावेत असं तिला फार वाटलं. पण ते दुसऱ्या हाताची नखं कापायला लागले.

ती ओट्याशी आली. बटाटे सोलायचे राहिले होते. तिनं सुरी घेतली. साल नको तितकी जाड निघत होती.