चित्र नसलेली सोंगटी

माझ्या धाकट्या भावाला वाघानं धरलं ते आमच्याच शिवारात. आमच्याकडे बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. मागच्या भाऊबीजेला तो माझ्याकडे बोरी बुद्रुकला आला, पोटभर जेवला आणि दिवेलागणीला मोटारसायकलवरून आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या माहेरी निघाला. बोरीबाहेर उसातून आलेल्या जनावरानं मागून झेप घालून त्याची पोटरी फाडली. गाडी पडली नाही म्हणून वाचला. जखम भरली, पण त्यानंतर त्यानं गाव सोडलं नाही. तरकारी घेऊन मंचरच्या बाजाराला तो स्वतः जायचा, ते वाटेकऱ्यावर टाकलं. आई फोनवर सांगायची, "उंबऱ्यापतुर येतो आन् माघारी फिरतो. काय करावं कळंना बाई." वनखात्यानं गावात वाटलेला खिळ्यांचा गळपट्टा आणि डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा मुखवटा खुंटीला नुसते टांगलेले होते. वाघ पाठीमागून येतो, म्हणून पाठीलाही तोंड असावं, अशी ती युक्ती.

आम्हा दोघांचं एक जुनं वेड तेवढं टिकलं होतं, लढायांचा खेळ. पुण्यात शिकायला असताना त्यानं पहिला डबा आणला होता. षटकोनी घरांचा मोठा नकाशा आणि त्यावर सरकवायच्या, पलटणी नि तोफा छापलेल्या पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या. माझं लग्न झाल्यावर आम्ही तोच खेळ कॉम्प्युटरवर खेळू लागलो. त्यासाठी आधी कुणीतरी मांडणीची फाइल करावी लागते. नकाशाचं चित्र टाकायचं, त्यावर षटकोनांची जाळी बसवायची, कुठल्या घरात झाडी, कुठल्या घरात पाणी ते भरायचं, सोंगट्या जागच्या जागी ठेवायच्या आणि मग फाइल समोरच्याला पाठवायची. हे काम माझ्याकडे. आळेफाट्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिलट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, करते, तिथं जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात माऊस. जाळी जराशी तिरकी बसली तरी माझं डोकं फिरतं. भाऊ चिडवायचा, "ताई, लढाई हाय ही, रांगोळी न्हाई."

गणपती उठल्यावर एक दिवस त्याचा फोन आला. "मला आपल्या रस्त्याची फाइल करून दे. माझ्या घरापासनं तुझ्या घरापतुर. माझी एक सोंगटी. आन् वाघ तू लपवायचा."

मला आधी बरं नाही वाटलं. मग वाटलं, खेळात तरी घराबाहेर पडतोय. मी उपग्रहाचा नकाशा घेतला, त्यावर जाळी बसवली. उसाची घरं हिरवी करत गेले, तर हिरवा रंग काही संपेचना. माहेरचं गाव हिरव्यात बुडालं, माझं गाव बुडालं, मधला हायवे तेवढा करडा उरला. रोज जिथून जातो ते असं वरून मी कधी पाहिलंच नव्हतं. भावासाठी मोटारसायकलची सोंगटी केली. वाघासाठी चित्र शोधत होते, तर तो म्हणाला, "चित्र नको. नुसता तपकिरी चौकोन ठेव." नियमही त्यानंच सांगितले. वाघ उसाच्या घरातच लपणार. शेजारच्या घरात जाईपर्यंत तो पडद्यावर दिसणार नाही. आणि सोंगट्या एकापेक्षा जास्त असतील, तर तो सगळ्यात मागच्या सोंगटीवर येणार.

आम्ही खेळू लागलो. मी तपकिरी चौकोन कधी ओढ्याकाठी ठेवला, कधी हायवेच्या कडेला, कधी माझ्याच घरामागच्या उसात. दर वेळी भाऊ बरोबर दोन घरं आधी थांबायचा आणि निरोप धाडायचा, "पुढं हाय." दर वेळी वाघ तिथंच असायचा. मला आधी गंमत वाटली, मग राग आला. तो चोरून बघतो की काय म्हणून फाइलचा पासवर्ड बदलला, डोळे मिटून माऊस टेकेल तिथं वाघ ठेवला. तरी तेच. ऑफिसात पंखा फिरत असायचा, बाहेर ट्रक रिव्हर्स घेत असायचे, आणि तो निरोप वाचला की मी मागं वळून पाहायचे.

दिवाळी जवळ आली. या भाऊबीजेला तो यायला हवाच, असं मी मनाशी धरून बसले होते. या खेपेला नाही आला तर पुढं कधीच येणार नाही, ही भीती मला खात होती. म्हणून मी लबाडी केली. फाइलमध्ये वाघ ठेवलाच नाही, तपकिरी चौकोन नकाशाबाहेरच्या खोक्यातच राहू दिला. म्हटलं, रस्ता मोकळा मिळाला, सोंगटी एकदा माझ्या दारापर्यंत पोचली, की खरा माणूसही निघेल.

सोंगटी निघाली आणि माहेरच्या गावाबाहेर कालव्याच्या पुलापाशी थांबली. "पुढं हाय."

त्या पुलावर आजवर काहीच घडलेलं नव्हतं. लहानपणी आम्ही तिथून पाण्यात उड्या मारायचो. मी दुसरी फाइल धाडली, तीही वाघाशिवाय. तो पुलापाशीच थांबला. तिसरीलाही तेच झालं. मग मात्र माझा तोल गेला. फोन लावून ओरडले, "अरे, वाघ ठेवलेलाच न्हाई मी! नकाशात कुठंच न्हाई तो!"

"ठाऊक हाय मला," तो शांतपणे म्हणाला. "वाघ ठेवायचा असला की तू फाइल धाडायला येळ लावतीस, इचार करतीस. आता झटक्यात येती."

"मग थांबतोस कशाला?"

"तुझ्या फायलीतल्या वाघासाठी न्हाई थांबत मी."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ नकाशावरच्या पुलाच्या शेजारचं हिरवं घर बघत बसले. तिथं काहीच नव्हतं. मीच तर ते भरलं होतं.

भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं असतं. तो येणार नव्हता, म्हणून मी निघाले. नवऱ्याला आळेफाट्याला काम होतं. भर दुपार होती, भ्यायचं काय कारण, असं म्हणून मी स्कूटी काढली. ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून डिकीत ठेवलं. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागले. तोड सुरू व्हायची होती, दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला. पूल दिसला, आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला.

का थांबले ते आजही सांगता येत नाही. कालव्याला पाणी होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. एकही पाखरू ओरडत नव्हतं. वारा पडला होता, तरी डाव्या हाताच्या एका सरीतली पाती हलत होती. हलायची, थांबायची. पुन्हा हलायची, जरा अलीकडे. मला पुढं जाता येईना, मागं वळता येईना. कसाबसा भावाला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "पुलाच्या अलीकडं थांबलीस ना?"

मी येतेय हेसुद्धा त्याला सांगितलं नव्हतं.

"पाठ दाखवू नको. हॉर्न दाबून धर. सोडू नको." फोन बंद झाला.

मी हॉर्न दाबून धरला. अंगठा बधिर झाला तरी सोडला नाही. सरीतली पाती थांबली होती, आणि ती हलत होती तेव्हापेक्षा मला आता जास्त भीती वाटत होती. मग पुलापलीकडून दुसरा हॉर्न ऐकू आला, लांबलचक, एकसारखा. मोटारसायकल दिसली. आमच्या सगळ्या डावांत जिथून पुढं त्यानं सोंगटी सरकवली नव्हती, तो पूल भावानं जराही न थांबता ओलांडला.

गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता, डोक्यामागं मुखवटा बांधलेला. अंगावर घरातला बनियन, पायात चप्पल नव्हती. चेहरा घामानं थबथबलेला. मला रडू आलं. आता दोघं मिळून माहेरी जाऊ, आई वाट बघत असेल, असं मी म्हणाले, तर त्यानं मान हलवली.

"भाऊबीज बहिणीच्या घरी असती. वळीव गाडी."

"अरे, पण इथनं आपलं घर..."

"वळीव म्हन्तो ना. तू पुढं हो, मी मागं हाय."

त्याचा नियम मला आठवला. मी नको म्हणायच्या आत तो माझ्या मागं जाऊन उभा राहिला होता. मी स्कूटी वळवली. हायवेपर्यंत मी रस्त्याकडे कमी आणि आरशातच जास्त पाहत होते. आरशात तो होता, माझ्यावरून नजर न हलवता. त्याच्या डोक्यामागचा मुखवटा मला दिसत नव्हता. मागच्या उसाकडे तो मुखवटाच पाहत होता.